कोड पाठवण्याआधी अपॉइंटमेंट लेटर वाचा

ओपन सोर्समध्ये उतरायचं तर कोड लिहिता आला पाहिजे, एवढंच आपल्याला सांगितलं जातं. सहीच्या कागदाबद्दल कुणी बोलत नाही. माझं काम अडलं ते तिथेच.

घर डोंबिवलीत, नोकरी ऐरोलीत. असल्या कामाला रविवारच मिळतो. एका प्रकल्पात मराठी आडनावांची यादी चुकीची लागत होती. काळे कासारांच्या आधी यायचे. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर, युनिकोडच्या क्रमांकात मात्र तो 'ल'ला लागून आहे. दुरुस्ती थोड्याच ओळींची होती. पाठवली आणि लगेच बॉटचा निरोप आला: आधी सीएलएवर, म्हणजे योगदानाच्या करारावर, सही करा.

करार नीट वाचला. तुमच्या कामावर मालकाचा हक्क असेल, तर त्याची परवानगी घेतल्याचं तुम्ही सही करून सांगता, असं त्यात होतं. अपाचे फाउंडेशनच्या करारातही ही अट आहे. मग अपॉइंटमेंट लेटर काढलं. नोकरीच्या काळात मी लिहीन ते सगळं सॉफ्टवेअर कंपनीचं! परवानगी मागितली, तर एचआरने लीगलकडे पाठवलं. लीगलने विचारलं, "हे कुठल्या क्लायंटसाठी?" क्लायंट नाही म्हटल्यावर फाइल कुणाची हेच ठरेना. परवानगी आली नाही, मी सही केली नाही आणि पुल रिक्वेस्ट जुनी झाली म्हणून बंद झाली.

सीएलए मागणारे सगळे वाईट हेतूने मागतात असं नाही. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून त्या करारात 'कायमस्वरूपी', 'जगभर' असे जड शब्द येतात. पण त्याच कागदाच्या जोरावर कंपनीला पुढे परवानाही बदलता येतो. ऑगस्ट 2023मध्ये हॅशीकॉर्पने आपल्या टेराफॉर्म या सॉफ्टवेअरचा खुला परवाना बदलून निर्बंध असलेला परवाना लावला. ज्यांनी कोड दिला होता त्यांना विचारत बसावं लागलं नाही. त्यातून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प निघाला. म्हणून सहीआधी पाहा, तुम्ही वापराची परवानगी देताय की मालकीच देऊन टाकताय.

लिनक्स कर्नलचा रस्ता मला जास्त पटतो. लिनक्समधल्या कोडवर हक्क सांगणाऱ्या एससीओ कंपनीच्या खटल्यानंतर 2004मध्ये तिथे डीसीओ, म्हणजे कोडच्या उगमाचं प्रमाणपत्र, आलं. कमिट करताना 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि आपलं नाव, एवढी एक ओळ. गिटलॅबने 2017मध्ये हाच मार्ग धरला. वकील लागत नाही, नवख्याची भीती जाते. मात्र त्या ओळीतही 'हा कोड देण्याचा मला अधिकार आहे' हेच तुम्ही म्हणत असता; मालकाची परवानगी तिथेही सुटत नाही.

नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, कायद्याने मालकाचंच. रविवारचं, स्वतःच्या लॅपटॉपवरचं काम त्यात आपोआप येत नाही, पण अपॉइंटमेंट लेटरमधलं एक वाक्य तेही ओढून घेऊ शकतं. तेव्हा प्रकल्पाचं नाव घालून परवानगी ईमेलवर घ्या. चहाच्या टपरीवर मॅनेजर "कर की" म्हणाला, ते पुरत नाही. कल्याण-ठाण्याच्या कॉलेजांतल्या डिप्लोमाच्या मुलांनी आणखी एक पाहावं: अठराच्या आतल्याने केलेला करार आपल्याकडे टिकत नाही, म्हणून पालकांची सही चालते का हे प्रकल्पाला आधीच विचारा. आणि कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी 'कॉन्ट्रिब्यूटिंग' ही फाइल उघडा. सीएलए आहे की डीसीओ, ते बहुतेक तिथेच कळतं.

प्रकल्प चालवणाऱ्या मित्रांनो, चार ओळींच्या दुरुस्तीला वकिली कागद मागू नका. डीसीओ पुरेसं आहे. आणि नवी नोकरी धरणाऱ्यांनो, ही परवानगी जॉइन होण्याआधी, पगाराचं बोलणं चालू असतानाच लेखी मागून घ्या. तेव्हा एचआरकडून उत्तर मिळतं.