प्रवेश परीक्षेची पूर्वतयारी : अकरावीचे वर्ष

राज्यातील अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र व कृषी अभ्यासक्रमांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. २०२५ च्या परीक्षेत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर होता. अकरावीस मंडळाची परीक्षा नसल्याने ते वर्ष विश्रांतीचे मानण्याची प्रथा पडली आहे. ती विद्यार्थ्यांना महाग पडते.

मात्र जागा हातची जाते ती केवळ गुणांअभावी नव्हे, कागदाअभावीही. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या नोंदींना विशेष महत्त्व असते. ही नोंद आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडू शकते. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक धुंडाळावे लागते. पान मोडीत असेल, तर वाचणाराही शोधावा लागतो. निकालानंतर हा शोध सुरू झाल्यास प्रवेशफेऱ्या थांबत नाहीत. मुख्याध्यापकांनी जुन्या रजिस्टरातील उतारे मुलगा अकरावीत असतानाच द्यावेत, आणि पालकाला अर्ज लिहिता येत नसेल तर ग्रामपंचायत सदस्याने तो लिहून द्यावा.