धरणातला गाळ आणि आपली उसाची जमीन



जायकवाडीच्या एकूण सुमारे १०२ टीएमसी साठ्यापैकी २६ टीएमसीच्या आसपास मृतसाठा आहे. गाळ या मृतसाठ्यातच बसतो, वरच्या पाण्याला धक्का लागत नाही, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. ती बरोबर नाही.

एका बाटलीत मूठभर शेतातली माती व पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयट्याला काही तास लागतात, चिकणमातीने मात्र पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसते. नदीत हेच घडते. जाड वाळू तळाने लोळत येते, बारीक माती पाण्यात तरंगत येते. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याला ढकलता येणाऱ्या दगडाचे वजन चौसष्ट पट होते, म्हणून चार दिवसांचा पूर वर्षभराचे काम करून जातो. गोदावरी व प्रवरेचे पाणी नाथसागरात शिरले की वेग मोडतो. जाड माल प्रवरासंगम-कायगावच्या अंगाला, जलाशयाच्या शेपटाकडे पडतो. ही जागा उपयुक्त साठ्याची, म्हणजे आपल्या कालव्याच्या पाण्याची. भिंतीपर्यंत पोचते ती बारीक माती.

ही माती येते कुठून? वरच्या भागातील आणि आपल्याही शिवारातून. एका एकरावरचा फक्त एक मिलिमीटर थर वाहून गेला तर चार घनमीटर, म्हणजे सुमारे पाच टन माती जाते. डोळ्याला काही दिसत नाही! उताराच्या दिशेने सऱ्या काढल्या की प्रत्येक सरी ओढा होते. सऱ्या उताराला आडव्या काढाव्यात, बांध नीट ठेवावेत आणि पाचट जाळू नये. पाचटाखाली थेंबाचा मार मातीला बसत नाही.

बारीक मातीला खताचा स्फुरद चिकटलेला असतो. तो धरणात गेला की शेवाळ व जलपर्णी फोफावते, आणि गढूळ पाण्यात ऊन खोल जात नाही, त्याचा मासळीवर परिणाम होतो. उलट धरणाखाली गाळाविना सुटलेले पाणी काठ व तळ खरवडते. थेट आंध्रात, गोदावरीच्या मुखाशी, गाळ कमी पोचल्याने समुद्र किनारा खातो आहे.

आता गाळ शेतात टाकण्याविषयी. २०१७ साली शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, तेव्हापासून तलावातून ट्रॅक्टर भरून नेण्याची चढाओढ लागते. मुरमाड, हलक्या रानाला गाळ सोन्यासारखा, ओल धरते. पण आपल्या कालव्याखालच्या भारी काळ्या जमिनीत तो टाकणे म्हणजे दुखण्यात भर. अशा रानात निचरा आधीच कमी, त्यात चिकणमाती वाढली तर पाणी तुंबते, जमीन चोपण होते आणि खोडव्याचे फुटवे बसतात. शेजाऱ्याने टाकला म्हणून आपणही टाकायचा, हे काही खरं नाही. गाळाचा आणि रानाचा, दोन्ही नमुने तपासून घ्या. क्षार व सामू पाहिल्याशिवाय एकही ट्रॉली रिकामी करू नका. हलक्या रानात टाकायचाच तर उन्हाळ्यात पातळ थराने पसरून, ढेकळे फुटू देऊन, मगच नांगरटीत मिसळावा.

धरणाचे पाणी हटल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन ज्यांच्याकडे आहे त्यांनी तिच्यात उसाच्या भानगडीत पडू नये. ऊस बारा महिन्यांचा, पाणी मात्र पावसाळ्यात परत येते. तिथे हरभरा, गहू बरा.

ऊस विकास अधिकारी