घरात मुद्रित झालेले गाणे

लोकसंगीताचे ध्वनिमुद्रण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतला एखादा सुसज्ज स्टुडिओ उभा राहतो. परंतु काही गाण्यांचे सौंदर्य घराच्या भिंतींतच खुलते. त्याचे कारण येथे थोडक्यात पाहावयाचे आहे.

प्रथम परदेशातील दोन उदाहरणे घेऊ. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील राहत्या घरी चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर गाणी मुद्रित केली. पुढे वाद्यवृंदासह तीच गाणी करून पाहिली. पण अखेर घरच्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ हा संग्रह त्याच वर्षी निघाला. जस्टिन व्हर्नन याने २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील वडिलांच्या रानातल्या घरात एकट्याने गाऊन ‘बॉन इव्हर’ या नावाने पहिला संग्रह सिद्ध केला. त्यात त्याचाच आवाज थरावर थर चढवून निरनिराळ्या उंचीचे स्वर एकत्र आणले आहेत. यालाच पाश्चात्त्य संगीतात हार्मनी म्हणतात.

असे गाणे स्वप्नवत का वाटते? एकच माणूस तीच ओळ दोनदा गायला, तरी दोन्ही वेळा स्वर व काळ तंतोतंत जुळत नाहीत. या किंचित अंतरामुळे आवाज दाट व तरंगता होतो. म्हणजे गोडवा केवळ अचूकपणात नसून थोड्याशा न जुळण्यातही असतो.

आता आपल्या ओवीकडे वळू. जात्यावर बहुधा दोघी बसत. एक ओळ उचली, दुसरी ती झेली. मग दोघी एका चालीत म्हणत. ओवीच्या चालीला बायका ‘गळा’ म्हणतात, हा शब्द किती अर्थपूर्ण आहे! येथे पाश्चात्त्य हार्मनी नाही. दोघींची चाल एकच. तथापि दोन गळे कधीच सर्वस्वी सारखे नसतात आणि खाली जात्याची घरघर अखंड चालू असते. व्हर्ननला एकटेपणी जे यंत्राने साधावे लागले, ते येथे सोबतीने आपोआप साधत असे.

हेमा राईरकर व गी पॉइटेव्हिन यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. नुसत्या छापील ओवीत शब्द उरतात, गळा उरत नाही. म्हणून या ध्वनिफितींचे मोल विशेष.

बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन या आपल्या पट्ट्यातही पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. ओव्या उरल्या त्या आज्यांच्या स्मरणात, आणि स्मरणाला वय असते. आज मुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रांनी सुटीत एवढे करावे : आजीची परवानगी घ्यावी, तिच्या जोडीला शेजारची आजी बसवावी, पंखा बंद करावा, पण जाते असल्यास ते फिरू द्यावे. आरंभी नाव, गाव व तारीख मुद्रित करावी. मध्ये ओळ विसरली तरी थांबवू नये; दुसरी आजी ती उचलीलच. ते उचलणे हाही ओवीचाच भाग होय.