नरसीहून घुमानला

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या परिसरात नरसी नावाचे गाव आहे. संत नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्ये येथे झाला, असे परंपरा सांगते. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे गाव आहे. नामदेवांनी उत्तरायुष्यातील सुमारे वीस वर्षे पंजाबात व्यतीत केली, असे मानतात. घुमान येथे त्यांच्या नावाचा गुरुद्वारा उभा आहे. या दोन गावांमधील अंतर किती? प्रश्न सोपा दिसतो. परंतु उत्तर देण्यापूर्वी ‘कोणत्या मार्गाने?’ असे विचारणे भाग पडते.

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. जवळचा विमानतळ नांदेडचा. घुमानला जाणाऱ्यास अमृतसरच्या विमानतळावर उतरता येते. आता नकाशासंग्रह उघडावा. नांदेडचे अक्षांश सुमारे १९.२, तर अमृतसरचे ३१.७, म्हणजे फरक साडेबारा अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यावरून उत्तरेकडील अंतर १,३९० किलोमीटरच्या आसपास भरते. शिवाय अमृतसर नांदेडच्या पश्चिमेस अडीच रेखांशांवर असल्यामुळे रेषा किंचित तिरपी जाते आणि एकूण हवाई अंतर सुमारे १,४१५ किलोमीटर होते. पृथ्वी गोल असल्याने ही रेषा सरळ नसून वक्र असते. पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला, म्हणजे ती सहज दिसते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने एवढे अंतर कापण्यास पावणेदोन तास पुरेत. परंतु विमानास उंची गाठावी लागते, उतरताना वेग आवरावा लागतो; म्हणून प्रत्यक्षात सव्वादोन तास धरणे योग्य. गंमत अशी, की कळमनुरी, आखाडा बाळापूर करीत हिंगोलीची एस. टी. नांदेडला पोहोचण्यासही दोन तासांच्या जवळपास वेळ घेते! नांदेड ते अमृतसर अशी थेट विमानसेवा २०१७ च्या डिसेंबरात सुरू झाली. पुढे तिच्यात खंडही पडले.

आगगाडीचा हिशेब निराळा. सचखंड एक्सप्रेस नांदेडहून निघते ती प्रथम पश्चिमेस मनमाडपर्यंत जाते आणि मग भुसावळ, भोपाळ, दिल्ली या मार्गाने उत्तर गाठते. त्यामुळे अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक आणि वेळ सुमारे दीड दिवस. वाटेत काही स्थानकांवर सेवेकरी प्रवाशांना लंगरचे जेवण वाढतात. ते सुख विमानात नाही.

आणि नामदेव? ते तर पायी गेले. दिवसाकाठी २५ किलोमीटर चालणाऱ्यास हवाई रेषेएवढे अंतरही सत्तावन्न दिवस पुरते. पायवाट मात्र पक्ष्यासारखी जात नाही. वाटेत नर्मदा, सतलज, बियास अशा नद्या, पावसाळ्यात खोळंबा आणि परकी भाषा. तरीही त्यांची वाणी तेथे रुजली. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी अमृतसर येथे जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्याच ग्रंथास, पुढे त्यात भर पडल्यानंतर, गुरू गोविंदसिंहांनी १७०८ मध्ये नांदेड येथे गुरुपद दिले. अमृतसर ते नांदेड हे ते सव्वादोन तासांचे अंतर. १६०४ ते १७०८ हा काळ १०४ वर्षांचा. नांदेडहून पुढे नरसीपर्यंत एस. टी.चाच रस्ता आहे.