धुराची मळी

कोल्हापूरच्या पंचक्रोशीत थंडीच्या दिवसांत गुऱ्हाळे सुरू होतात. चुलवाणावरच्या काहिलीत उसाचा रस तापू लागला, की गुळव्या त्यात रानभेंडीचे चिकट पाणी घालतो. रसातील गाळ त्याला चिकटून वर येतो आणि मळी म्हणून काढून टाकला जातो. भेंडीचे पाणी ते केवढे. पण त्याने गूळ स्वच्छ उतरतो. मुलांनो, धुराचीही मळी अशीच काढता येते.

दगडी कोळशात थोडे गंधक असते. कोळसा जळताना त्यापासून सल्फर डायऑक्साइड नावाचा उग्र वायू तयार होतो. तो श्वासाला अपायकारक असतो. पिकांना व झाडांनाही इजा करतो. म्हणून कित्येक वीजकेंद्रांत धूर धुराड्यात जाण्यापूर्वी त्यावर चुनखडीची बारीक भुकटी कालवलेल्या पाण्याचा वर्षाव करतात. वायू पाण्यात विरघळतो, चुनखडीशी संयोग पावतो आणि शेवटी त्याचे जिप्सम बनते.

परंतु येथे एक अडचण येते. वायू विरघळताच पाण्याचा थेंब आम्लधर्मी होतो, आणि चुनखडी तर सावकाश विरघळते. ती मदतीला येण्यापूर्वीच थेंबाची शोषणशक्ती मंदावते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत यावर एक प्रयोग झाला. नायलॉन बनविण्यासाठी लागणारे ॲडिपिक आम्ल त्या पाण्यात अल्प प्रमाणात मिसळण्यात आले. आम्लावर उतारा आम्लाचाच! हे सौम्य आम्ल थेंबाची आम्लता एकाएकी वाढू देत नाही. त्यामुळे तोच थेंब अधिक वायू शोषून घेतो.

आपल्या राज्यात डहाणू हे गाव चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे १९९५ साली कोळशावर चालणारे ५०० मेगावॅटचे वीजकेंद्र सुरू झाले. बागांचे कसे होणार, ही काळजी लोकांना लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली नेमलेल्या प्राधिकरणाने १९९९ साली धूर धुण्याची यंत्रणा बसविण्यास सांगितले. ती २००७ साली सुरू झाली. या यंत्रणेत चुनखडी लागत नाही. समुद्राचे पाणी मुळातच किंचित अल्कधर्मी असते. तेच वायू शोषून घेते. मग त्यात हवा खेळवून ते पुन्हा समुद्रात सोडतात.

थेंबाला वायू शोषण्यास क्षणभर पुरतो. तो थेंब धुरापर्यंत पोहोचविण्यास मात्र माणसांना आठ वर्षे लागली.

स्वाध्याय
१. चुनखडीच्या पाण्यात सौम्य आम्ल का मिसळतात?
२. डहाणूच्या यंत्रणेत चुनखडी का लागत नाही?