काठी, चावर आणि वेठ

सोलापूरचा भुईकोट किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बाजूला सिद्धेश्वराचे तळे, मध्ये देऊळ आणि काठावर काळ्या दगडांचे भक्कम बुरूज. हा किल्ला एकदा नव्हे, दोनदा हुंड्याच्या बोलणीत आला होता. १५२४ च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे लग्न विजापूरच्या आदिलशहाच्या बहिणीशी झाले, तेव्हा सोलापूर आणि त्याखालचा मुलूख हुंड्यात देण्याचे ठरले. तो मिळाला नाही आणि दोन्ही राज्यांत वर्षानुवर्षे लढाया झाल्या. पुढे सुमारे ४० वर्षांनी नगरची राजकन्या चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली गेली, तेव्हा हाच किल्ला तिच्या हुंड्यात विजापूरकडे गेला.

किल्ला हुंड्यात दिला म्हणजे नेमके काय दिले? दगडमाती तर कोणी उचलून नेत नाही. दिले ते भोवतालच्या गावांचे धान्य, त्या गावांचे कष्ट आणि ते वसूल करण्याचा अधिकार. जमिनीवरील असा अधिकार वरून खाली वाटत जायचा आणि त्याच्या मोबदल्यात सैन्य व सेवा घ्यायची, या रचनेला आपण सरंजामशाही म्हणतो. इतिहासाच्या पुस्तकात तिचे उदाहरण म्हणून बहुधा नॉर्मन इंग्लंड येते. आज आपण ते इंग्लंड आणि आपला सोलापूर-मंगळवेढ्याचा मुलूख शेजारी शेजारी ठेवून पाहू.

१०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडात उतरला आणि हेस्टिंग्जची लढाई जिंकून राजा झाला. जिंकलेली जमीन त्याने आपल्या सरदारांना वाटून दिली. सरदारांनी ठराविक संख्येने घोडेस्वार द्यावेत अशी अट होती. सरदारांनी आपल्या वाट्यातील तुकडे स्वारांना दिले. सर्वांच्या तळाशी होता तो बांधील शेतकरी. त्याला कसायला थोडी जमीन मिळे. तिच्याबद्दल त्याने आठवड्यातून दोन-तीन दिवस धन्याच्या खाजगी शेतात फुकट राबायचे, धान्य धन्याच्याच गिरणीत दळायचे, आणि परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. त्याच्याही खाली गुलाम होते. नोंदलेल्या लोकांत दर दहांमागे सुमारे एक गुलाम होता.

हे आकडे आपल्याला कळतात, कारण विल्यमने एक विलक्षण काम केले. १०८५ च्या नाताळात त्याने हुकूम दिला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या माणसांनी इंग्लंडमधील १३,००० हून अधिक ठिकाणांची नोंद केली. जमीन किती, नांगर किती, कुळे किती, कुरण किती, पाणचक्क्या किती, सारे लिहिले गेले. पाणचक्क्यांचीच संख्या सुमारे ६,००० भरली. त्या काळच्या एका इंग्रज इतिवृत्तकाराने तक्रार केली आहे की, एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा यातून सुटले नाही. या दप्तराला लोक डूम्सडे म्हणजे अखेरच्या निवाड्याचे पुस्तक म्हणू लागले. त्यात लिहिले ते लिहिले, त्यावर दाद नाही!

आता आपल्याकडे या. १३४७ साली दक्षिणेत बहमनी राज्य स्थापन झाले. राज्याचे मोठे भाग पाडले होते. त्यांना तरफ म्हणत आणि त्यांवरील अधिकाऱ्याला तरफदार. हे तरफदार फार प्रबळ झाले, तेव्हा वजीर महमूद गवान याने चारांच्या आठ तरफा केल्या, प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला आणि जमिनीची मोजणी सुरू केली. विल्यमनेही मोठ्या सरदारांच्या जमिनी एका जागी न ठेवता देशभर विखरून दिल्या होत्या. चारशे वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर, पण राजाची भीती एकच. गवानला याची किंमत मोजावी लागली. विरोधी सरदारांनी कारस्थान केले आणि १४८१ मध्ये सुलतानाने त्याला ठार केले.

एक फरक मात्र नीट लक्षात ठेवा. येथे विद्यार्थ्यांची हटकून गल्लत होते. इंग्लंडातील सरदाराची जमीन पुढे वंशपरंपरागत झाली. आपल्याकडे जहागीर किंवा मोकासा हा बहुधा बदलता असे. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. वंशपरंपरेने चाले ते वतन. परगण्यात देशमुख-देशपांडे, गावात पाटील-कुलकर्णी हे वतनदार. सुलतान बदलले, राज्ये बुडाली, तरी पाटलाच्या वाड्यातील पाटीलकी हलली नाही. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव वगैरे बारा बलुतेदारही वतनीच. ते वर्षभर गावाचे काम करीत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर आपला धान्याचा वाटा घेत. कोणाचा वाटा किती, कोणाचा मान आधी, यावरून होणारे तंटे गोतसभेपुढे चालत. नॉर्मन खेड्यात धनी वरून आलेला परका होता. आपल्या गावात वतनदार गावातलाच होता. यामुळे जुलूम कमी झाला असे मात्र मला वाटत नाही. गावातला माणूस गावातल्या माणसाची दुखरी नस अधिक ओळखतो.

सारा धान्यावर असेल, तर सारा बसवण्यासाठी जमीन मोजली पाहिजे. येथे इतिहासात गणित शिरते. निजामशाहीत मलिक अंबरने (मृत्यू १६२६) जमिनीची प्रत आणि पीक पाहून धारा बसवला. शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तो यांनी मोजणी केली. (सोलापूर त्या वेळी स्वराज्यात नव्हते, पण मापे समजून घेण्यास ही मोजणी सर्वांत सोयीची.) सभासद बखरीत तिची मापे दिली आहेत. काठी पाच हात पाच मुठींची. हात १४ तसूंचा. पाच हातांचे ७० तसू, पाच मुठींचे १०, मिळून काठी ८० तसूंची. म्हणजे एक मूठ दोन तसूंची, हे तुम्ही ताडले असेलच. लांबी २० काठ्या आणि रुंदी २० काठ्या तो एक बिघा, म्हणजे ४०० चौरस काठ्या. असे १२० बिघे मिळून एक चावर.

डूम्सडे पुस्तकात जमीन 'हाइड' या मापात दिली आहे. एक हाइड म्हणजे साधारणपणे १२० एकर धरीत! तेथेही १२० आणि येथेही १२०. एकमेकांचे पाहून हे केलेले नाही. १२० ला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२ यांनी निःशेष भाग जातो, तर १०० ला ३ ने किंवा ६ ने जात नाही. तीन भावांत, सहा हिस्सेदारांत जमीन वाटायची आणि अपूर्णांक टाळायचे, तर १२० ही सोयीची संख्या आहे. हे मात्र माझे अनुमान. हाइड आणि चावर यांचे क्षेत्रफळ सारखे होते असे कोणी समजू नये. हाइड तर जागोजाग बदले. मुळात ते एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन, आणि पुढे कर बसवण्याचे माप.

काठी कोणाच्या हातात आहे यावर सारे अवलंबून असे. समजा, मोजणाऱ्याने ८० ऐवजी ७६ तसूंची काठी वापरली. फरक चारच तसूंचा, म्हणजे विसाव्या हिश्श्याचा. शेतकरी म्हणेल, शंभर बिघ्यांचे १०५ होतील. पण क्षेत्रफळात लांबी दोनदा येते. ८० ला ७६ ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग सुमारे १.१०८ आहे. म्हणजे १०० बिघ्यांचे शेत दप्तरात जवळजवळ १११ बिघे लागेल. शेत तेवढेच, माती तीच, पाऊस तोच, पण सारा ११ बिघ्यांचा जास्त! काठीचे माप ठरवून देणे ही रयतेच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट होती, ते यावरून कळेल.

मोजणीच्या वेळी आणि बांधाच्या तंट्यात गावाची शीव कोठून जाते हे कोण सांगे? महार. शिवेच्या वादात त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. गावाची राखण, वसुलाची ने-आण, सरकारी निरोप, ओझी ही सारी कामेही त्याच्याकडेच. पण ज्याला प्रत्येक शेताची हद्द तोंडपाठ, त्याच्या वाट्याला जमीन सर्वांत कमी आणि वस्ती गावकुसाबाहेर. येथे तुलना तुटते. नॉर्मन कुळाचा मुलगा पळून जाऊन शहरात वर्षभर राहिला, तर पुष्कळ शहरांत तो मोकळा मानला जाई. जात मात्र माणसाबरोबर शहरातही जात असे.

नॉर्मनांनी इंग्लंडभर किल्ले उभारले, ते स्थानिक लोकांना वेठीस धरून. मंगळवेढ्याची गोष्टही अशीच आहे. १३३८ साली, म्हणजे बहमनी राज्य स्थापन होण्यापूर्वी नऊ वर्षे, मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते. कामावर नेलेल्या महारांत संत चोखामेळाही होते. भिंत कोसळली आणि कित्येक मजुरांबरोबर तेही तिच्याखाली गाडले गेले. संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली, असे परंपरा सांगते. त्या भिंतीखाली मेलेल्या इतर माणसांची नावे कोठेच नाहीत. चोखोबांचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण त्यांनी अभंग रचले. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा यांनीही रचले. आपल्या मध्ययुगात तळच्या माणसाचे स्वतःचे शब्द उरले आहेत. डूम्सडे पुस्तकात कुळांची संख्या मिळते, शब्द मिळत नाहीत.

याच मंगळवेढ्यात पुढे दामाजीपंत झाले. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना खुली केली आणि बेदरच्या सुलतानाचा रोष ओढवून घेतला. विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन रक्कम भरली ही कथा तुम्ही ऐकलीच असेल. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक प्रश्न राहतो. गावोगाव माणसे उपाशी असताना एवढे धान्य एकाच जागी कसे साठले होते? सोलापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येथे रब्बीची ज्वारी येते, आणि पाऊस हुकला की ती जाते. सारा मात्र आधीच कोठारात जाऊन पडलेला असतो.

इंग्लंडात सरंजामी सेवेच्या अटी १६६० मध्ये कायद्याने गेल्या, आणि बांधील कुळांच्या वहिवाटीतून आलेला जमीनधारणेचा शेवटचा प्रकार १९२६ मध्ये संपला. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनातील वेठ संपवण्यासाठी विधेयक मांडले. ते पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला आणि पाटलांची वंशपरंपरागत जागा १९६२ च्या कायद्याने गेली. तुमच्या गावच्या महसूल दप्तरातील जुने उतारे पाहण्याची संधी मिळाली, तर काही गट क्रमांकांपुढे 'महार वतन' किंवा 'इनाम वर्ग ६ ब' अशी नोंद आढळेल. ती जमीन गावाच्या कोणत्या बाजूला आहे आणि कोणत्या प्रतीची आहे, ते शिक्षकांना बरोबर घेऊन जाऊन पाहा.