स्वतंत्र विचार आणि अनात्म : एक चिंतन

'जगात नवीन असे काहीच नाही. माणूस जे बोलतो ते कुठेतरी ऐकलेले वा वाचलेलेच असते,' असे म्हणणारे सुशिक्षित आज पुष्कळ भेटतात. आमच्या तरुणांच्या तोंडीही हे वाक्य येऊ लागले आहे. त्यातही बौद्धांपुढे एक अधिकची अडचण उभी केली जाते. तथागतांनी नित्य आत्मा नाकारला. मग 'मी'च जर नाही, तर माझे व्यक्तिमत्त्व आणि माझा स्वतंत्र विचार कोठून येणार? हा प्रश्न केवळ शब्दांचा खेळ नव्हे. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या विचार करण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्याच्यासाठी तो जीवनमरणाचा प्रश्न आहे.

प्रथम अनात्माचा विचार करू. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात भदन्त नागसेन राजा मिलिंदाला रथाचे उदाहरण देतात. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. हे सर्व एकत्र जुळले म्हणजे त्याला रथ म्हणतात. परंतु म्हणून रथ चालत नाही, असे कोणी म्हणत नाही. अनात्मवाद माणूस नाकारत नाही. जन्माने ठरलेला, न बदलणारा माणूस तो नाकारतो. आत्मा जर जन्मतःच शुद्ध वा अशुद्ध ठरला असता, तर सफाईचे काम करणारा सुनीत भिक्खू झाला नसता आणि अंगुलिमाल बदलला नसता. व्यक्तिमत्त्व ही जन्मासोबत मिळालेली मिळकत नसून ती घडवावी लागते, असा याचा अर्थ होतो.

आता नव्या विचाराकडे वळू. प्रतीत्यसमुत्पादाच्या नियमाप्रमाणे कारणाशिवाय काहीच उत्पन्न होत नाही. तेव्हा शून्यातून निघालेला विचार शोधू गेल्यास तो सापडणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले ऋण कधी लपवले नाही. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू असल्याचे ते सांगत. कोलंबिया विद्यापीठातील आपले शिक्षक जॉन ड्युई यांचे ऋण त्यांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथात मान्य केले आहे. मग बाबासाहेबांचे स्वतःचे काय?

सिद्धार्थाच्या गृहत्यागाचेच उदाहरण घ्या. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून त्याने घर सोडले, ही परंपरागत कथा. मूळचे गोव्याचे व १९४७ मध्ये सेवाग्राम येथे निधन पावलेले पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी या कथेविषयी शंका घेऊन सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताकडे लक्ष वेधले होते. म्हणजे साहित्य उपलब्ध होते. बाबासाहेबांनी एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा वा प्रेत पाहिलेच नसेल काय, असा साधा प्रश्न केला. १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या मूळ इंग्रजी ग्रंथात त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला तंटा मांडला. शाक्य संघाचे बहुमत युद्धाच्या बाजूने असताना सिद्धार्थ एकटा विरोधात उभा राहतो व परिव्रज्या पत्करतो. सामग्री जुनी, पण बहुमतापुढे न झुकणारा माणूस धम्माच्या आरंभी उभा करणे ही दृष्टी त्यांची. तीच गोष्ट दीक्षेची. त्रिशरण-पंचशील प्राचीन आहे. बावीस प्रतिज्ञा त्यांच्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात भदन्त चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतल्यावर एका उपासकाने लाखोंना दीक्षा द्यावी, हेही नवेच. १६ ऑक्टोबरला आपल्या चांद्याच्या भूमीनेही ते पाहिले.

हे केवळ महापुरुषांनाच साधते, असे मात्र समजू नये. आपल्याच जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड गावी दादाजी रामाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी होऊन गेले (निधन २०१८). १९८३ मध्ये 'पटेल-३' या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि त्यातून प्रसिद्ध एचएमटी तांदूळ निघाला. धान दुसऱ्याने काढलेले, नावही त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे! त्यांचे स्वतःचे काय, तर ती नजर आणि ती चिकाटी. धानकापणीला असंख्य हात लागतात. वेगळी लोंबी पाहून थांबणारा एखादाच असतो. पुढे या वाणाच्या श्रेयावरून वाद झाला, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. गरिबाचा विचार त्याच्या नावावर राहावा यासाठीही जागृत समाज लागतो.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले : परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा गुरू सांगतो म्हणूनही मानू नका, स्वतः पारखून, हिताचे आहे असे पटल्यावर स्वीकारा. आणि आम्ही काय करतो? विहारात एखाद्या मुलीने शंका विचारली तर 'बाबासाहेबांनी सांगितले आहे' एवढे म्हणून तिला खाली बसवतो. बाबासाहेबांनी ज्या रीतीने विचार केला, ती रीत सोडून केवळ त्यांचे शब्द पाठ करणे हा त्यांचा गौरव नव्हे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगट चालवले, बाहेरच्या जाणत्यांकडून माहिती घेतली, पण निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने स्वतःच घेतला. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या विहारांतूनही असे अभ्यासगट का निघू नयेत? वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. त्यानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा, आणि पहिला प्रश्न सर्वांत लहान मुलाने विचारावा.

भांडवल सर्वांचेच उसने असते. त्यात आपल्या अनुभवाची, पारखीची व करुणेची भर घालणे यालाच स्वतंत्र विचार म्हणतात, आणि तो प्रत्येकाला शक्य आहे. ही भर आपल्या घराघरांतून पडो, हीच मंगल कामना.

जयभीम! नमो बुद्धाय!